पाकटवालीचा ऑनलाइन अर्ज

चोल्पो बंदरावर थापाड्यांचा तोटा कधीच नव्हता. इथल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या जाळ्यातून कधी ना कधी होडीएवढा मासा निसटलेला आहे, आणि तो मासा दर वर्षी वीतभर वाढतो. पण पालिकेने मासळीबाजाराच्या गाळ्यांसाठी साइट उघडली आणि थापाड्यांचा धंदाच बसला. लोक त्या साइटबद्दल अगदी खरं खरं सांगायचे आणि ऐकणारे म्हणायचे, "पुरे, काहीतरी पटेल असं सांग."

झालं होतं असं. जुना पत्र्याचा बाजार पाडून त्या जागी तीन मजली इमारत उभी राहिली होती. तळमजल्याचं दार थेट धक्क्यावर उघडत होतं. तिथे खाऱ्या पाण्याचे नळ होते, सांडपाण्याला नाली होती, बोटीवरून उतरलेलं गिऱ्हाईक नाकासमोर चालत आत येणार होतं. तिसऱ्या मजल्यावर यातलं काही नव्हतं, पण पालिकेच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की तिथून समुद्राचं मनोहर दर्शन होतं. मेलेल्या माशाला समुद्राच्या दर्शनाची केवढी ओढ असते, हे पालिकेलाच ठाऊक. ज्याला तळमजला हवा त्याने सोडतीसाठी अर्ज करावा, जो करणार नाही तो आपसूक तिसऱ्या मजल्यावर जाईल, असा नियम. आणि अर्ज फक्त ऑनलाइन. नागरिकांच्या सोयीसाठी.

मुन सुनदॉक हिला तळमजला नुसता हवा नव्हता, त्यावर तिचं पोट होतं. ती आंबवलेला पाकट विकायची. हा मासा माठात घालून मुरवतात, आणि मुरला की त्याला नवसागराचा असा भपका सुटतो की नवखा माणूस पहिल्या घासाला रडतो, दुसऱ्या घासाला शिव्या देतो आणि तिसरा घास मागून घेतो. आमच्या मुलखात पाकटाशिवाय लग्न लागत नाही आणि मयताला आलेली माणसं जेवल्यासारखी वाटत नाहीत. पण हौसेने खाणारासुद्धा तो मासा तीन जिने चढून आणायला जात नाही. लिफ्टचं म्हणाल, तर सुनदॉक खोकं घेऊन एकदा लिफ्टमध्ये शिरली की दिवसभर ती लिफ्ट तिच्या एकटीची.

मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी सहाला साइट बंद होणार होती. बाजाराला सुट्टी होती आणि व्यापारी संघाची सगळी मंडळी सहलीच्या बसमध्ये बसून, डोंगरावरची शरदात लाल झालेली पानं बघायला म्हणून, खरं तर बसमध्ये नाचायला निघून गेली होती. सगळ्यांचे अर्ज झालेले. निदान त्यांची तशी समजूत. संघाचे अध्यक्ष मो जोंगपिल, सुक्या मांदेलीचे व्यापारी, यांनी प्रत्येकाला युक्ती शिकवली होती.

"काही वाचायचं नाही," जोंगपिल सांगायचे. "चौकट आली की 'होय'. दुसरी आली की 'होय'. 'पूर्ण झाले' असं आलं की उठायचं आणि हात धुवायचे."

हा जोंगपिलांचा शोध नव्हता. त्या काळी आमच्या देशाची ती राष्ट्रीय कवायतच होती. बँकेची साइट उघडली की बँक एक प्लगइन घाला म्हणायची. कराच्या साइटचं वेगळं, शाळेचं वेगळं, ऑनलाइन मोजे घ्यायला गेलात तर मोज्यांचं वेगळं. एक प्लगइन चोरापासून वाचवणारं, दुसरं कीबोर्डावर पहारा देणारं, तिसरं पहिल्या दोघांवर पहारा देणारं. प्रत्येक वेळी चौकट विचारायची, 'घालू का?' आणि पाच कोटी माणसं न वाचता म्हणायची, 'होय.' बायकोला एवढ्या वेळा होय म्हटलं असतं तर देशातले सगळे संसार सोन्याचे झाले असते.

सुनदॉकची खोड ही की ती वाचायची. न पारखता ती कोळ्याकडून पाकट घेत नसे, मग न वाचता चौकटीला होय कशाला म्हणेल? ती चष्मा चढवून एकेक ओळ वाचायची, तोवर साइट म्हणायची, 'आपण बराच वेळ काही केलं नाही. आपल्या सुरक्षेसाठी आपल्याला बाहेर काढत आहोत.' अशी ती आठवडाभर रोज सुरक्षितपणे बाहेर पडत होती. काल रात्री तर घरच्या कॉम्प्युटरनेच मान टाकली. त्याच्या पोटात इतके पहारेकरी शिरले होते की बँकेच्या पहारेकऱ्याला कराचा पहारेकरी चोर वाटला, आणि दोघांच्या मारामारीत यजमान गेला.

तिने राजधानीत नोकरी करणाऱ्या लेकाला फोन लावला.

"गीउंग, तुझ्या कॉम्प्युटरवरून भर ना तेवढा अर्ज."

"आई, माझ्या कॉम्प्युटरवर ती साइट उघडत नाही गं. माझा वेगळ्या कंपनीचा आहे."

"बोटभर जाड आणि होडीच्या मोटरपेक्षा महाग, आणि उघडत नाही?"

"सरकारी साइट फक्त त्या एका जुन्या ब्राउझरवर चालते."

"मग तो जुना घाल."

"तो यात बसत नाही."

"बरं. म्हणजे पगार तिकडे घेतोस आणि उपयोग इकडेही नाही," असं म्हणून तिने फोन ठेवला, गळ्यात दाखल्याचा पेन ड्राइव्ह अडकवला आणि पाकटाचं खोकं काखोटीला मारून निघाली. खोकं वाटेवरच्या गुत्त्यात द्यायचं होतं. पण आधी अर्ज.

तो पेन ड्राइव्ह म्हणजे साधी वस्तू नाही. त्यात सरकारमान्य डिजिटल दाखला असतो, आणि तो नसेल तर बँकेच्या लेखी तुम्ही जन्मालाच आला नाहीत. सुनदॉकने तो प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळला होता. तरीही त्याला वास होताच.

पालिकेत नामगुंग बाई बसल्या होत्या. गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर प्रशिक्षणात शिकवलेलं हसू. खोकं पाहिल्यावर ते हसू थोडं मागे सरलं.

"मावशी, कागदावरचा अर्ज घेता येत नाही."

"का?"

"तुमच्याच सोयीसाठी."

"मग माझी सोय इथे बसून तुम्हीच करा. तुमच्यापुढे कॉम्प्युटर आहे."

नामगुंग बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आमच्या कॉम्प्युटरवर ती साइट उघडत नाही हो. बाहेरचं प्लगइन घालायला कार्यालयात बंदी आहे. धोकादायक असतात म्हणून."

"तुमचीच साइट ना ती?"

"आमचीच."

"आणि धोकादायक?"

"कार्यालयासाठी. नागरिकांना चालतं."

दालनात नागरिकांसाठी ठेवलेला एक कॉम्प्युटर होता. त्याच्या पडद्यावर चिठ्ठी चिकटवली होती: 'वापरण्यापूर्वी संगणक विभागाची परवानगी घ्यावी.' परवानगीचा अर्ज ऑनलाइन होता.

"मावशी, खरं सांगू का," नामगुंग बाई म्हणाल्या, "आम्हालासुद्धा ही साइट बघायची झाली की आम्ही यॉमशेठच्या पीसी-बांगमध्ये जातो."

पीसी-बांग म्हणजे पोरांनी तासावर कॉम्प्युटर घेऊन लढाया खेळायची जागा. यॉम चांगग्यूची पीसी-बांग गुत्त्याच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर होती. आत अंधार, नूडल्सचा वास, आणि चाळीस माणसं एकमेकांकडे न बघता एकमेकांना मारत बसलेली. सुनदॉकने कोपऱ्यातली खुर्ची घेतली, खोकं पायाशी ठेवलं, चष्मा चढवला.

साइट म्हणाली, 'पहारेकरी प्लगइन घालू का?' वेळ नव्हता. सुनदॉकने आयुष्यात पहिल्यांदा न वाचता 'होय' दाबलं. कीबोर्डाचं? होय. दाखल्याचं? होय. मग साइट म्हणाली, 'सर्व काही लागू होण्यासाठी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करा.' केला. सुरू झाला. साइट उघडली. साइट म्हणाली, 'पहारेकरी प्लगइन घालू का?'

तिला वाटलं, आपलंच चुकलं. पुन्हा सगळे होय. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. 'पहारेकरी प्लगइन घालू का?' तिसऱ्या खेपेला तिने यॉमला हाक मारली.

"यॉमशेठ, या यंत्राला विसरायचा आजार आहे का?"

यॉम काउंटरमागून आला. गोल चेहरा, झोपेतून उठल्यासारखे केस. "तो आजार नाही मावशी, इलाज आहे. ही पोरं दिवसभर कायकाय घाण घालून ठेवतात. म्हणून यंत्र बंद केलं की आतलं सगळं आपोआप पुसलं जातं. दर वेळी नवं कोरं. न्हाऊन आलेलं बाळ."

"आणि साइट म्हणते, घातलेलं लागू व्हायला यंत्र बंद कर."

"हो."

"बंद केलं की घातलेलं जातं."

"हो."

"मग इथे अर्ज होणार कसा?"

यॉमने थोडा विचार केला. या प्रश्नावर आजवर कुणी इतका वेळ टिकलं नव्हतं. "इथे बहुतेक लोक दुसऱ्या खेपेला शिव्या देऊन जातात," तो म्हणाला.

सुनदॉकची नजर काउंटरवरच्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या कॉम्प्युटरवर गेली. "तो पण विसरतो?"

यॉमचा चेहरा एकदम सावध झाला. "त्याला नाही हात लावायचा. तो माझा आहे. त्यावर माझी बँक चालते, कर चालतो, वीजबिल चालतं. त्याच्या पोटात या देशात निघालेलं प्रत्येक प्लगइन आहे. कोण कुणाच्या आधाराने उभं आहे ते मलासुद्धा ठाऊक नाही. एक नवीन घातलं की जुनं एक रुसतं. मागे विमानाचं तिकीट काढायला गेलो तर बँक दिसेनाशी झाली. आता मी त्याला बंदसुद्धा करत नाही. झोपला तर उठायचा नाही."

"मला एकच अर्ज करायचाय."

"मावशी, दुसरं काहीही मागा."

सुनदॉकने वाद घातला नाही. ती परत आपल्या खुर्चीवर जाऊन बसली, पायाशी वाकली आणि पाकटाच्या खोक्याची दोरी सोडली. मग पहिली प्लॅस्टिकची पिशवी उघडली. मग दुसरी.

वास चालत येत नाही असं म्हणणाऱ्याने तो दिवस पाहिलेला नाही. तो खुर्च्यांच्या ओळींतून कर वसूल करणाऱ्या सरकारी माणसासारखा फिरला, एकालाही न वगळता. पहिल्या ओळीतला सेनापती लढाई सोडून नाक धरून उभा राहिला. त्याच्या मागच्याने डोळे पुसत विचारलं की गॅस गळतोय का. एक जण, अस्सल आमच्या मुलखातला असावा, म्हणाला, "कुठे मिळतो हा?" पण बाकीच्यांनी त्याला ढकलत जिन्याकडे नेलं. असं सांगतात की छतावर बसलेल्या समुद्रपक्ष्यांनी त्या दिवशी घरटी बदलली, आणि भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं मागे पडलं. घड्याळाचं खोटं असेल. पक्ष्यांचं नाही.

"मावशी, बंद करा ते," यॉम शर्टाच्या बाहीतून बोलत होता. "गिऱ्हाइकं चालली."

"कसं करू? अर्ज होईस्तोवर मला इथेच बसायचंय. आणि बसल्या बसल्या भूक लागली."

यॉम काउंटरच्या खुर्चीवरून उठला. उठताना त्याने त्या पिवळ्या कॉम्प्युटरवरून हात फिरवला, बैल विकणाऱ्याने फिरवावा तसा.

तिथे गोष्टी जरा पुढे सरकल्या. दोन पहारेकरी आधीच आत होते. तिसऱ्याला घातल्यावर यॉमची बँक गेली, ते त्याने डोळे मिटून सोसलं. साइटने कॉम्प्युटर बंद करायला सांगितला, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. कॉम्प्युटर गेला, बराच वेळ काळोखात राहिला आणि खोकत खोकत परत आला. सुनदॉकने पेन ड्राइव्ह लावला. यंत्राच्या उबेने पेन ड्राइव्हचाही वास सुटला. यॉमचं नाक आता परक्याचं झालं होतं.

कीबोर्डावरचा पहारेकरी मात्र फारच इमानी निघाला. चोराने अक्षर पळवू नये म्हणून तो कुणाचंच अक्षर आत जाऊ देईना, सुनदॉकचंही नाही. तिने नाव दाबलं, पडद्यावर काही उमटलं नाही.

"पडद्यावरचा कीबोर्ड घ्या," यॉम म्हणाला. "त्याच्यावर माऊसने टिपायचं."

पडद्यावर कीबोर्ड आला. सुरक्षेसाठी त्याची अक्षरं दर वेळी जागा बदलत होती. सुनदॉकने गाळातले शिंपले वेचावेत तसं एकेक अक्षर शोधून टिपलं. कोपऱ्यात घड्याळ उलटं चाललं होतं आणि यॉम दर थोड्या वेळाने 'मुदत वाढवा'चं बटण दाबत होता, जसा आजाऱ्याला कुणी पाणी पाजतो. शेवटी पडद्यावर चौकट आली. सुनदॉकने ती सवयीने पूर्ण वाचली. 'आपला अर्ज स्वीकारला आहे.' खाली क्रमांक होता.

"झालं," यॉम म्हणाला आणि खाली बसला.

"थांब." सुनदॉक अजून वाचत होती. क्रमांकाखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. 'तळमजल्यासाठी एकूण अर्ज: एक.'

"एक कसा? सगळ्या बाजाराने अर्ज केलाय."

तिने तिथूनच नामगुंग बाईंना फोन लावला.

"बाई, तुमची साइट म्हणते माझा एकटीचाच अर्ज."

"हो मावशी, आम्हीही तेच बघतोय. म्हणजे फोनवरून विचारून बघतोय. अभिनंदन."

"मग मला तळमजला मिळाला?"

"तसं नाही होत. एकच अर्ज आला तर सोडत रद्द. स्पर्धा पाहिजे, नियम आहे. रद्द झाली की तळमजला दुसऱ्या कामाला जातो. तिथे कॉफीचं दुकान आणि साबण-अत्तराचं दुकान यायचं ठरलंय. मासळी मग सगळीच तिसऱ्या मजल्यावर. तिथून समुद्राचं दर्शन…"

"माहितेय. आणखी एक अर्ज आला तर?"

"तर सोडत होणार. सहाच्या आत."

सुनदॉकने फोन ठेवला आणि भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. सहाला फार वेळ नव्हता, आणि ते मागे पडलं असेल तर त्याहूनही कमी. सगळा बाजार बसमध्ये नाचत होता. गावात संघाचा एकच माणूस उरला होता: गुडघा दुखतो म्हणून सहलीला न गेलेला, आणि गुडघ्याला बरं म्हणून खाली गुत्त्यात बसलेला.

जोंगपिल अर्ध्या वाटीवर होते. तांदळाची पांढरी दारू, समोर उकडलेलं डुकराचं मांस, कोबीची जुनी, आंबलेली किमची, आणि रिकामी बशी, जिच्यात सुनदॉकचा पाकट यायचा होता.

"आली बाई एकदाची," जोंगपिल म्हणाले. "गीउंगची आई, वासावरून वाटलं मघाशीच पोहोचलीस. पाकट कुठंय?"

"वर. भाऊ, उठा. अर्ज करायचाय."

"माझा झाला. सगळ्यांचा झाला. मी स्वतः शिकवलंय."

"'पूर्ण झाले' असं आलं होतं ना?"

"मोठ्या अक्षरात. मी त्याची छापील प्रत काढून दुकानात लावलीय. बघ." त्यांनी खिशातून दुसरी घडी केलेली प्रत काढली. संघाच्या अध्यक्षाजवळ प्रत असावी लागते.

सुनदॉकने चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचलं. "'कीबोर्ड संरक्षण बसवण्याचे काम पूर्ण झाले. अर्ज भरण्यासाठी पुढे जा.'"

गुत्त्याची मालकीण हसू दाबत आत गेली. जोंगपिल प्रतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ही शेवटची ओळ माझ्या प्रतीत नव्हती."

"तुमच्या प्रतीत होती, तुमच्या डोळ्यांत नव्हती. तुम्ही अख्ख्या बाजाराला पहारेकरी बसवायला शिकवलंत आणि घरात जायचंच विसरलात. आता उठा."

"आणि मी का उठू?" जोंगपिलांना अध्यक्षपण आठवलं. "अर्ज केला तर तुझ्याच शेजारचा गाळा येईल माझ्या वाट्याला. माझी मांदेली वीस वर्षं तुझ्या पाकटाचा वास पिऊन आहे. गिऱ्हाईक विचारतं, ही मांदेली की पाकटाची पिल्लं?"

"नका उठू. मग कॉफीवाल्याच्या डोक्यावर तीन मजले चढून बसा. तुमच्या गुडघ्याला बरं पडेल. आणि उद्या बस आली की सगळ्यांना सांगा, अध्यक्षांनी काय शिकवलं ते."

जोंगपिल उठले. गुडघ्याने तक्रार केली, ती त्यांनी ऐकली नाही. त्यांचा दाखला किल्ल्यांच्या जुडग्यात होता, कमरेला. सुनदॉकने त्यांना जिन्यावरून अर्धं ओढलं, अर्धं ढकललं. वर यॉम त्या पिवळ्या कॉम्प्युटरच्या 'मुदत वाढवा'वर बोट ठेवून बसला होता, जणू बोट काढलं तर होडी बुडेल.

जोंगपिलांनी माऊस हातात घेतला. दारूने त्यांच्या हाताला लाट आली होती. पडद्यावरचा कीबोर्ड जागा बदले आणि हात वेगळीकडे जाई. पासवर्डच्या जागी पहिल्या खेपेला चुकीचं अक्षर पडलं. दुसऱ्या खेपेलाही. चौकट आली: 'आणखी एकदा चुकल्यास दाखला बंद होईल. नव्यासाठी कार्यालयात स्वतः यावे.'

"सरका," सुनदॉक म्हणाली. "मी टिपते. पासवर्ड सांगा."

जोंगपिलांनी माऊस घट्ट धरला.

"भाऊ, सहा वाजतायत."

"यॉमला सांगतो. कानात."

"मी नाही टिपणार," यॉम म्हणाला. "माझी बँक गेलीय आज."

"मग मीच एकदा…"

"तुमचा हात लागला तर संपलं. सांगा."

जोंगपिलांनी छताकडे पाहिलं. छतावर काही लिहिलेलं नव्हतं. "दहा अक्षरांहून जास्त पाहिजे म्हणाली साइट," ते पुटपुटले. "आणि चिन्ह पाहिजे. त्यात गेल्या महिन्यात दाखला बदलायचा होता. घाईत जे मनात आलं ते घातलं."

"काय घातलं?"

"'पाकटवाली'," जोंगपिल म्हणाले.

सुनदॉकने टिपलं. अक्षरं शोधायला वेळ लागत होता. "पुढे?"

"'तिसऱ्या मजल्यावर'."

तिने टिपलं. "सलग?"

"सलग."

"पुढे?"

"'जावो'. आणि उद्गारचिन्ह."

"एक?"

"दोन," जोंगपिल म्हणाले. आवाज इतका बारीक की यॉमने वाकून ऐकला.

सुनदॉकने दोन टिपली, चष्मा नीट केला, एकदा सगळं वाचलं आणि बटण दाबलं. दाखला उघडला. पुढच्या चौकटी एकामागून एक आल्या आणि सुनदॉकने त्या न वाचता पार केल्या. यॉम मात्र त्या दिवसापासून सगळं वाचू लागला, असं ऐकतो. 'आपला अर्ज स्वीकारला आहे. तळमजल्यासाठी एकूण अर्ज: दोन.' त्याखाली साइटने लगेच कळवलं की मुदत संपली आहे आणि आपल्या सुरक्षेसाठी आपल्याला बाहेर काढण्यात येत आहे.

मग सुनदॉकने खोकं उचललं, एक मोठा तुकडा कागदात बांधून यॉमच्या काउंटरवर ठेवला आणि बाकीचं घेऊन जिना उतरली. जोंगपिल तिच्या मागे उतरले. गुत्त्यात त्यांनी तिच्यासाठी वाटी भरली, ती तिने प्यायली. पासवर्डबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. जोंगपिलांना वाटलं, बोलली असती तर बरं झालं असतं.

सोडत झाली. दोन अर्जांतून दोन नावं काढायला साइटने तीन दिवस घेतले. तळमजला मासळीचाच राहिला. बाकीच्या व्यापाऱ्यांसाठी पालिकेने पुन्हा अर्ज मागवायचं ठरवलं. पण साइट दुरुस्तीला गेली होती, तेव्हा नामगुंग बाईंनी बाजारात येऊन, पाण्याच्या पिंपावर कागद ठेवून, सगळ्यांची नावं लिहून घेतली. एक वाटी नूडल्स खाऊन होईस्तोवर ते काम झालं. पालिकेने तो प्रयोग फारच मागासलेला ठरवला आणि पुन्हा कधी केला नाही. संघाच्या सभेत जोंगपिलांचा सत्कार झाला, कारण शेवटच्या क्षणी, दुखऱ्या गुडघ्याने, त्यांनी बाजार वाचवला होता. सुनदॉकने टाळ्या वाजवल्या.

दाराच्या डाव्या हाताला तिचा गाळा आला, उजव्या हाताला जोंगपिलांचा. समुद्रावरचा वारा दारातून आत यायचा, आधी पाकटावरून आणि मग मांदेलीवरून. आठवडाभर सोसून जोंगपिल पालिकेत गेले.

"वासाची तक्रार द्यायचीय," ते नामगुंग बाईंना म्हणाले. "किंवा गाळा बदलून द्या."

"देता येईल काका. दोन्ही ऑनलाइन आहेत. साइट नवी केलीय आम्ही, आता आणखी सुरक्षित आहे. प्लगइन थोडी वाढलीत."

"किती?"

बाईंनी सांगितलं.

जोंगपिल परत आले. गाळ्यात बसले, मांदेलीची एक मूठ उचलून नाकाशी धरली आणि बराच वेळ हुंगत राहिले. समोरच्या गिऱ्हाइकाने विचारलं, "काका, याला कसला वास येतोय?"

"मुरलेली आहे," जोंगपिल म्हणाले. "हिचा भाव वेगळा."